मुका मार
(दहावी, १९८५च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू डॉक्टर, आरोग्यावर वीस मिनिटं बोल." नेमकं कशावर म्हणून विचारलं तर तिघांनी तीन विषय सुचवले. शुगर, गुडघे आणि झोप. आपण सगळे पंचावन्न-छप्पनचे झालो, हे या यादीवरूनच कळतं. गुडघ्यांवर बोलणं मला सोपं होतं, गेली अठ्ठावीस वर्षं माझं घर दुसऱ्यांच्या गुडघ्यांवरच चालतंय. पण मी विषय बदलून मागितला. माझ्या हातून झालेली एक चूक मला या शाळेच्या आवारात सांगायची होती. ज्याच्या बाबतीत ती झाली, तो आपल्याच वर्गातला. त्याची बायको आज इथे आली आहे. मागच्या महिन्यात रेवदंड्याला त्यांच्या घरी जाऊन तिला विचारलं. ती म्हणाली, "नाव नको घेऊस, बाकी सगळं सांग." तेव्हा मी नाव घेणार नाही. तुम्हाला ते कळेलच, पण तुम्हीही घेऊ नका.

आपल्याकडे एक फार छान शब्द आहे, 'मुका मार'. कातडी फाटत नाही, रक्त बाहेर येत नाही, हाड मोडत नाही, पण आत ठणकत राहतं. आपल्या किनाऱ्यावर मुका मार लागला नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. नारळाच्या झाडावरून घसरणं, सुपारीच्या वाडीत पाटात पाय अडकून पडणं, होडी वर ओढताना दोर सुटणं, आणि कबड्डी तर काय, संध्याकाळ झाली की मैदानात मार खायलाच जायचं. त्यावर औषधही घरचंच. माझी आजी आंबेहळद उगाळून गरम करून लेप द्यायची आणि वर जुन्या लुगड्याची पट्टी बांधायची. दोन दिवसांत ठणका कमी, आठवड्याने निळंजांभळं हिरवट-पिवळं व्हायचं, आणि पंधरा-वीस दिवसांत आपण विसरून जायचो. आंबेहळदीला नावं ठेवायला मी उभा नाही. माझा प्रश्न आहे तो लेप लावून महिना झाला तरी जी सूज उतरत नाही, तिच्याबद्दल.

आता आपल्या मित्राची गोष्ट.

२००७ साल. गणपतीला मी घरी आलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पडवीत येऊन बसला. चहा झाला, मासळीच्या भावाबद्दल बोलणं झालं, आणि उठता उठता म्हणाला, "डॉक्टर, जरा ह्यो गोळा बघ ना रे." डाव्या मांडीत, बाहेरच्या बाजूला. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाला, पावसाळ्याआधी होडी किनाऱ्यावर ओढताना खालचा ओंडका सरकला आणि मांडीवर बसला. मी दोन बोटांनी दाबून पाहिलं. टणक होता, पण दुखत नव्हता. मी म्हटलं, "रक्त साकळलंय. जिरेल. शेक घे." हे सगळं मिनिटभरात झालं. आरतीची वेळ झाली होती.

त्या मिनिटात मी काय विचारलं नाही, ते आज सांगतो.

पहिलं, ओंडका लागल्यावर मांडी निळी पडली होती का, हे मी विचारलं नाही. ती पडली नव्हती. एवढं रक्त आत साकळायचं तर स्नायूतली मोठी नस तुटायला हवी, आणि तसं झालं तर त्या रक्ताचा रंग दोन-चार दिवसांत कुठे ना कुठे कातडीवर उमटतो, पुष्कळदा मार लागलेल्या जागेच्या खाली, गुडघ्याकडे उतरलेला दिसतो. त्याची कातडी पहिल्यापासून स्वच्छ होती.

दुसरं, गोळा कधी दिसला, हे मी विचारलं नाही. मार लागला जूनच्या सुरुवातीला, ठणका राहिला दोन दिवस. मग सगळं ठीक. गोळा त्याच्या हाताला लागला जुलैच्या शेवटी, आंघोळ करताना. मार आणि गोळा यांच्या मध्ये दीड महिना रिकामा होता. मुक्या माराची सूज पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात मोठी असते, मग ती ओसरत जाते. दीड महिना थांबून नंतर वाढायला लागत नाही.

आणि तिसरं, मी मोजलं नाही. आपल्या विज्ञानाच्या बाई समोरच बसल्या आहेत. प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपर हातात देताना बाई काय सांगायच्या ते आठवतं? अंदाज वहीत लिहायचा नाही, मोजमाप लिहायचं. मी मनात म्हटलं, लिंबाएवढी गाठ आहे. लिंबू केवढं? कागदी लिंबू की मोठं? पुढच्या वेळी ती वाढली की नाही, हे ठरवायला माझ्याकडे आकडाच नव्हता.

दिवाळीनंतर तो पनवेलला माझ्या दवाखान्यात आला. गोळा वाढला होता, हे आता न मोजताही दिसत होतं. मी मोठी सुई घातली आणि सिरिंजमध्ये काळपट, चॉकलेटी रंगाचं रक्त आलं. चांगलं साठ मिलिलिटर. माझा चेहरा उजळला. मी त्याला म्हटलं, "बघ, मी म्हटलं होतं ना, रक्तच आहे." आणि ते रक्त मी बेसिनमध्ये ओतून दिलं. तपासायला पाठवलं नाही.

ही चूक माझी एकट्याची नाही, म्हणून थोडं थांबून सांगतो. काही गाठी इतक्या वेगाने वाढतात की त्यांना स्वतःचा रक्तपुरवठा पुरत नाही, मग मधला भाग मरतो आणि आत रक्तस्राव होतो. बाहेर गाठीची भिंत, आत रक्त. सुई मध्ये गेली की रक्तच येणार. सुईतून रक्त आलं म्हणजे ती रक्ताची गाठ, हे तर्काला पटतं आणि तरीही खोटं असू शकतं. गोंधळात भर म्हणजे काही वेळा जुनी, खरोखरीची रक्ताची गाठसुद्धा महिनोन् महिने वाढत राहते. त्या प्रकाराला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे. पण ते निदान शेवटचं, बाकी सगळं तपासून खोडल्यावर करायचं.

तीन आठवड्यांत गाठ पुन्हा भरली. सोनोग्राफी केली. रिपोर्टात 'ऑर्गनाइज्ड हिमॅटोमा' असं होतं, आणि खाली ते नेहमीचं वाक्य, की रोग्याच्या तपासणीशी जुळवून पाहावं. रिपोर्ट लिहिणाऱ्याने प्रामाणिकपणे चेंडू माझ्याकडे टोलवला होता, आणि माझं मत तर गणपतीतच ठरलं होतं. डिसेंबरमध्ये मी ती गाठ उघडली. आडवा छेद घेतला. आत रक्ताच्या गुठळ्या होत्या, त्या काढल्या. आणि मग भिंतीला चिकटलेलं काहीतरी मऊ, करडं-पांढरं, ओलसर हाताला लागलं. आमच्या पुस्तकात अशा पेशीजालाचं वर्णन 'माशाच्या मांसासारखं' असं केलेलं असतं. विद्यार्थी असताना मला वाटायचं, ही उपमा मला शिकवायची गरज नाही, मी रेवदंड्याचा आहे. त्या दिवशी ते टेबलावर पाहिलं आणि माझे हात थांबले.

आठ दिवसांनी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला. सार्कोमा. वेगाने वाढणारा, वरच्या श्रेणीचा.

सार्कोमा म्हणजे काय, हे चार वाक्यांत सांगतो. आपण ज्याला सर्रास कॅन्सर म्हणतो, तोंडाचा, स्तनाचा, आतड्याचा, तो बहुतेक वेळा अवयवांच्या आतल्या-बाहेरच्या अस्तरात सुरू होतो. सार्कोमा सुरू होतो हाडात, किंवा स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची वेष्टणं अशा मऊ भागांत. मोठ्या माणसांच्या एकूण कर्करोगांत मऊ भागांचे सार्कोमा शंभरात एखादा. त्यात पन्नासावर प्रकार. त्यामुळे गावातल्या डॉक्टरला सबंध आयुष्यात दोन-चारच दिसतात, आणि साध्या गाठी शेकड्यांनी दिसतात. सवयीने हात साध्या गाठीकडेच जातो. यात आळस नसतो, अनुभवच असतो, आणि तोच अनुभव फसवतो.

मी त्याला परळला टाटा मेमोरियलला घेऊन गेलो. मांडव्याहून लाँचने गेटवे आणि पुढे टॅक्सी. त्या लाँचवर तो मला समुद्रातल्या प्रवाहांबद्दल सांगत होता आणि मी हो-हो करत होतो. टाटा मेमोरियल सुरू झालं २८ फेब्रुवारी १९४१ला. तिथल्या प्रयोगशाळांचा पाया घातला डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. आपला मराठी माणूस. भारतातल्या विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात. तिथे रोग्याच्या आधी त्याच्या काचा जातात. बाहेरून केलेल्या बायोप्सीच्या स्लाइड्स त्यांच्याकडचे तज्ज्ञ नव्याने पाहतात, तुमच्या कागदावर काय लिहिलंय यावर विसंबून राहत नाहीत. हे मला तेव्हा थोडं अपमानाचं वाटलं होतं. आता वाटत नाही. सार्कोमाच्या बाबतीत दुसऱ्याने पाहिल्यावर निदान बदललं, असं कमी वेळा होत नाही.

तिथल्या सर्जनने मला रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. कागदावर त्यांनी मांडी काढली, त्यावर माझा आडवा छेद काढला आणि भोवती मोठा गोल केला. गाठ उघडल्यावर आतल्या रक्ताबरोबर तिच्या पेशी आजूबाजूच्या स्नायूंत पसरतात. मग पुढच्या शस्त्रक्रियेत फक्त गाठ काढून भागत नाही, जिथे जिथे चाकू आणि रक्त पोचलं तो सगळा भाग काढावा लागतो. मांडी उभी, स्नायू उभे, त्यामुळे छेद उभा असेल तर तो नंतरच्या शस्त्रक्रियेच्या ओळीत बसतो. आडवा असेल तर मांडीचा तेवढा जास्त घेर जातो. अमेरिकेतले सर्जन हेन्री मॅन्किन यांनी १९८२ साली बायोप्सी चुकीच्या पद्धतीने झाली की रोग्याचं काय होतं, याचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि १९९६ साली पुन्हा पाहिलं तर परिस्थितीत फारसा फरक नव्हता. जिथे शेवटची शस्त्रक्रिया होणार तिथेच, त्याच हातांनी बायोप्सी व्हावी, असं त्यांचं सांगणं. मी एमएसला हे वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही असेन.

त्याचा पाय वाचला. ते टाटामधल्या लोकांचं कौशल्य. मांडीचा मोठा भाग गेला, दुसरीकडची कातडी आणि स्नायू आणून तिथे बसवले, मग रेडिएशन झालं. पूर्वी अशा गाठीला पाय कापणं हाच उपाय समजत. १९८२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने ४३ रोग्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींचे पाय कापले, काहींची फक्त गाठ रुंद कडेसह काढून रेडिएशन दिलं. जगण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. तेव्हापासून जगभर पाय वाचवण्याकडे कल झुकला. त्या ४३ माणसांमुळे आपला मित्र दोन पायांवर घरी परतला.

तो पुन्हा डोलीला गेला नाही, पण किनाऱ्यावर बसून जाळी विणायचा. दर मोसमात माझ्याकडे सुक्या बोंबलांची पिशवी पाठवायचा. मला एकदाही काही बोलला नाही. २००९च्या अखेरीस छातीच्या सीटी स्कॅनमध्ये फुफ्फुसांत ठिपके दिसले. सार्कोमा रक्तातून पसरतो आणि पहिला मुक्काम बहुतेक वेळा फुफ्फुसातच करतो. पुढच्या पावसाळ्याआधी तो गेला.

गणपतीतच पकडला असता तर वाचला असता का? हा प्रश्न मला त्याच्या बायकोने विचारला होता, आणि मी तिला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. सांगता येत नाही. वरच्या श्रेणीची गाठ लवकर पकडली तरी पसरते, कधी कधी ती आधीच पसरलेली असते. पण गाठ जितकी लहान तितकी आशा मोठी, यात वाद नाही. सप्टेंबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत ती माझ्या डोळ्यांसमोर वाढली. ते तीन महिने मी त्याला देऊ शकलो असतो.

आता तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात आलेला प्रश्न. ओंडका लागला म्हणून कॅन्सर झाला का? नाही. मार लागल्याने असा कर्करोग होतो याला पुरावा नाही. होतं असं, की मार लागला म्हणून हात तिथे जातो, आणि आधीपासून असलेली गाठ हाताला लागते. किंवा गाठ दिसल्यावर आपण मागे जाऊन कारण शोधतो, आणि आपल्या आयुष्यात मार काही कमी नसतात, एखादा सापडतोच. जेम्स एविंग नावाचे मोठे अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ होते, हाडांच्या एका कर्करोगाला त्यांचं नाव आहे. त्यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच बजावून ठेवलंय, की मार गाठ निर्माण करण्यापेक्षा ती उघडकीला आणण्याचंच काम जास्त करतो. कॅनडाचा टेरी फॉक्स तुम्हाला माहीत असेल, एका पायावर कॅनडा ओलांडायला निघालेला मुलगा. त्याच्या नावाची दौड मुंबईतही झाली आहे. त्याचा कर्करोग हाडाचा होता, पण सुरुवात अशीच. १९७६च्या नोव्हेंबरात त्याच्या गाडीला अपघात झाला, गुडघ्याला लागलं. गुडघा दुखत राहिला, तेव्हा त्याला वाटलं, त्या अपघाताचंच आहे. मार्च १९७७ मध्ये निदान झालं आणि पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला.

म्हणजे रोग्याकडे गोष्ट तयार असते, डॉक्टरला ती पटते, आणि दोघेही खरं बोलत असतात. ओंडका खरंच लागला होता.

हे ऐकून आज रात्री तुम्ही सगळे अंग चाचपून पाहाल, मला माहीत आहे. तेव्हा धीराचंही थोडं बोलतो. कातडीखाली हाताला लागणाऱ्या गाठींत शंभरातल्या जवळपास नव्व्याण्णव साध्या असतात. बहुतेक चरबीच्या, लायपोमा. मऊ, बोटाखाली सरकणाऱ्या, वर्षानुवर्षं तेवढ्याच. त्या असू द्या.

उलट दिशेची चूकही होते, आणि तीही मी पाहिली आहे. पाच-सहा वर्षांपूर्वी पेणच्या बाजूचा एक कबड्डी खेळणारा मुलगा आला, एकोणीस वर्षांचा. मांडीत दगडासारखी गाठ, दुखणारी, तीन आठवड्यांत वाढलेली. घरच्यांनी कुठेतरी एमआरआय करून आणला होता आणि आई रडत होती, कारण कोणीतरी 'कॅन्सरसारखं दिसतंय' असं सांगितलं होतं. मी मोजलं, तारीख घालून लिहिलं, साधा एक्स-रे काढला. काही नाही. टाटामधल्या ओळखीच्या सर्जनला फोन केला. ते म्हणाले, सुई घालू नका, तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढा. काढला, तर गाठीच्या बाहेरच्या कडेने अंड्याच्या कवचासारखी पांढरी रेघ आलेली. म्हणजे मार लागलेल्या स्नायूत हाड तयार होत होतं. मायोसायटिस ऑसिफिकन्स. यात पक्कं हाड आधी बाहेरच्या कडेला येतं आणि मध्ये कच्चं राहतं. हाडाच्या कर्करोगात साधारण उलटं. हा फरक १९५८ साली अ‍ॅकरमन यांनी दाखवून दिला. त्या मुलाची तिसऱ्या आठवड्यात घाईने बायोप्सी केली असती, तर मधल्या कच्च्या भागाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगासारखाच दिसण्याची भीती होती. तो पोरगा आता पुन्हा खेळतो. मला वाटतं, पकड अजून कच्ची आहे.

जाता जाता, हे स्नायूत हाड होण्याचं दुखणं आपल्याकडे कोपरात फार दिसतं, आणि त्याचं एक कारण मालिश. मार लागलेला कोपर जोर लावून चोळायचा नाही, कोणी कितीही मोठा हाडवैद्य असला तरी. गाठीचंही तेच. तिला चोळू नका, तिच्यावर बिब्बा घालू नका. बिब्ब्याने कातडी जळते आणि मग खाली काय आहे ते आम्हालाही नीट कळत नाही.

मग घाबरायचं कधी? घाबरायचं नाही म्हणा, पण उठायचं कधी? आकाराचं सांगतो. आम्ही पाच सेंटिमीटरची रेघ धरतो. इंग्लंडमध्ये लोकांना 'गोल्फच्या चेंडूएवढी' असं शिकवतात. आपल्याकडे गोल्फ कोण खेळतं? आपल्याकडे सुपारी आहे. सोललेल्या रोठ्याएवढी गाठ असेल आणि ती कातडीखाली सरकत असेल, तर नजर ठेवा. सालासकट ओल्या सुपारीएवढी झाली, तर दाखवा. दुसरं, खोली. मांडी किंवा दंड आवळून ताठ करा. गाठ वरच्या थरात असेल तर ती तशीच वर दिसते, हलते. स्नायूत किंवा त्याच्या खाली असेल तर ती स्नायूबरोबर जखडल्यासारखी होते किंवा दिसेनाशी होते. खोल गाठ लहान असली तरी दाखवायची. तिसरं, वाढ. कोणतीही वाढणारी गाठ, मग ती दुखो वा न दुखो. न दुखणं ही चांगली खूण आहे असं आपण समजतो. आपल्या मित्राची शेवटपर्यंत दुखली नाही. आणि एकदा काढलेली गाठ त्याच जागी परत आली, तर पहिल्या वेळचा रिपोर्ट शोधून काढा. तो नसेल, गाठ तपासायला पाठवलीच नसेल, तर तीच मोठी काळजीची गोष्ट.

आणि मुक्या मारासाठी दीड महिना. दीड महिन्यात सूज निम्म्याने तरी उतरली नाही, तर ती मुक्या माराची आहे हे गृहीत धरणं सोडून द्यायचं. डॉक्टरने सोडलं नसेल, तर तुम्ही त्याला विचारायचं, "दुसरं काही असू शकेल का?" तो चिडला तरी विचारायचं. गणपतीत मला कोणी हे विचारलं असतं, तर मीही कदाचित चिडलो असतो, पण आरतीनंतर टेप शोधली असती.

पुढची वाट अशी. आधी एमआरआय, मग जाड सुईने तुकडा, आणि हे दोन्ही होईपर्यंत कोणालाही गाठ 'मोकळी करू' द्यायची नाही. क्रम उलटा झाला तर एमआरआयमध्ये सुईने झालेलं रक्त दिसतं आणि चित्र गढूळ होतं. यासाठी दर वेळी परळच गाठायला हवं असंही आता राहिलेलं नाही. टाटांचं संशोधन आणि उपचार केंद्र, अ‍ॅक्ट्रेक, आपल्याच रायगड जिल्ह्यात खारघरला आहे, २००२पासून. मांडव्याहून गाडी घेऊन रो-रोनेही मुंबईला जाता येतं. अंतराची सबब आपल्या वडिलांच्या पिढीला शोभत होती.

माझ्यात काय बदल झाला, असं मला एकाने सकाळी विचारलं. फार काही नाही. माझ्या टेबलाच्या खणात शिंप्याची टेप असते. गाठ घेऊन आलेल्या प्रत्येकाच्या कागदावर मी लांबी, रुंदी आणि तारीख लिहितो आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख देतो. तो आला नाही तर माझी कंपाउंडर त्याला फोन करते. आपल्या जिल्ह्यातच महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचू चावलेल्या रोग्यांच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी केल्या आणि त्या नोंदी थेट 'लॅन्सेट'मध्ये छापून आल्या. माझ्या नोंदी कुठे छापून येण्यासारख्या नाहीत. एक वही भरली, दुसरी चालू आहे. या अठरा वर्षांत त्यांतली सात माणसं मी खारघरला किंवा परळला पाठवली. चार जणांचं साधं निघालं. तिघांचं नाही. त्या तिघांपैकी दोघं आज ठणठणीत आहेत, एक जण तर पावसाळ्यात मला रानभाज्या आणून देतो. तिसऱ्याचे उपचार चालू आहेत.

चार जणांना उगाच पाठवलं, असं त्यांतल्या एकाच्या मुलाने मला ऐकवलं होतं. पैसे गेले, आठवडाभर झोप गेली. खरं आहे त्याचं. मी पुढच्यालाही पाठवेन.

वेळ संपत आली, अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. जेवणात आज सोलकढी आहे असं ऐकतो, तेव्हा फार ताणत नाही. जेवणानंतर गाण्याच्या भेंड्या सुरू होतील तेव्हा मी सातवी 'ब'च्या वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर बसणार आहे. आपला मित्र बसायचा त्याच बाकावर. ज्यांना काही दाखवायचं असेल त्यांनी या. फी नाही, नाव लिहिणार नाही, फक्त मोजून कागदावर आकडा आणि तारीख लिहून देईन. टेप आणली आहे.